बंद पडलेलं ढिंगरीचं शेड आणि पोत्यातला माल: त्यातून कोरडी चटणी कशी उभी करायची

ढिंगरी अळिंबीचं (ऑयस्टर मशरूमचं) शेड बंद पडण्याची गोष्ट गावोगावी एकाच चालीची असते. तीन दिवसांचं प्रशिक्षण, बाजारभावाच्या दुप्पट-तिप्पट दराने घेतलेलं स्पॉन (अळिंबीचं बियाणं), 'वाळवलेला माल आम्हीच परत घेऊ' असा कागद. पहिल्या दोन महिन्यांत माल निघतो, आणि मग उचलणारा फोन उचलेनासा होतो. ताजी अळिंबी गावात खपत नाही, शहरात पोचेपर्यंत पिवळी पडते. शेवटी रॅक, फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारी यंत्रं), ड्रम तसेच राहतात आणि कोपऱ्यात एक-दोन पोती वाळलेली ढिंगरी उरते.

हा लेख त्या टप्प्यावर उभ्या असलेल्यांसाठी आहे. असं शेड विकत घेऊन नव्याने सुरुवात करणाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल. आमचं सांगणं एकच आहे: वाळवलेली ढिंगरी हे विकायचं उत्पादन नाही, तो कच्चा माल आहे. ज्यांनी हे उशिरा ओळखलं ते दुसऱ्यांदा बुडाले. या कच्च्या मालातून आपल्याकडे रोज खाल्लं जाणारं काहीतरी करायचं. आम्ही इथे कोरडी चटणी निवडली आहे. भाकरीबरोबर चटणी खाण्याची सवय लावावी लागत नाही, ती घरोघरी आहेच.

आधी पोतं उघडा

नवीन काही घेण्याआधी जुना माल तपासा. पोत्याच्या तोंडाजवळचा एक, मधला एक आणि तळाचा एक असे तीन मूठभर नमुने वेगवेगळ्या पांढऱ्या ताटात काढा. चांगली वाळलेली ढिंगरी मळकट पांढरी ते बिस्किटी रंगाची असते आणि देठाच्या जाड भागाला वाकवलं की कट्टकन मोडते. चामड्यासारखी वाकत असेल तर तिने हवेतला ओलावा ओढलाय. गडद तपकिरी तुकडे दिसले तर समजा, तो माल शिळा होऊन मगच वाळवला गेला. जाळी, बारीक भोकं, तळाशी पिठासारखा भुगा दिसला तर कीड लागली आहे. कुबट वास येत असेल तर बुरशी.

नुसती वाकणारी पण वासाला चांगली असलेली ढिंगरी पुन्हा ५५ अंशांवर दोन-तीन तास वाळवून वाचवता येते. कीड, कुबट वास किंवा काळपट रंग असलेला माल थेट खताच्या खड्ड्यात टाका. 'चटणीत तिखटाखाली झाकून जाईल' हा विचार मनातसुद्धा आणू नका. त्या वासाचं एक पाकीट गेलं की ते घर पुन्हा येत नाही, आणि बुरशीचा माल खाऊ घालणं हा सरळ अपराध आहे.

आणखी एक गोष्ट आठवा: ढिंगरी ज्यावर वाढवली तो भुसा त्या वेळी कसा निर्जंतुक केला होता? कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) आणि फॉर्मालिनच्या पाण्यात भिजवला असेल, आणि बहुतेक प्रशिक्षणांत तेच शिकवतात, तर त्या मालाची कीडनाशक-अंश तपासणी झाल्याशिवाय वापरू नका. वाळवल्यावर दहा किलोचं एक किलो होतं, म्हणजे अळिंबीत जे काही उतरलं असेल तेही दाट होतं.

कुठे मोडलं ते कागदावर काढा

शेड तोट्यात गेलं म्हणजे अळिंबी आली नाही असं क्वचितच असतं. एका शंभर किलो कोरड्या भुश्याचा हिशेब मांडून बघा. खालचे दर नमुन्याचे आहेत, तुमच्या पावत्यांवरचे दर घाला.

भुसा ५ रुपये किलोने ५०० रुपये. तो भिजून निथळल्यावर २७० किलोच्या आसपास भरतो. त्याला ओल्या वजनाच्या २ टक्क्यांहून थोडं जास्त, म्हणजे ६ किलो स्पॉन, १२० रुपये दराने ७२० रुपये. पिशव्या आणि रबर २५०, इंधन ४००, वीज-पाणी ३००, मजुरी पाच दिवसांची २,०००. एकूण ४,१७०.

उत्पादन? प्रशिक्षणात किलोला किलो सांगतात. नवशिक्याने कोरड्या भुश्याच्या ६० टक्के धरावं. म्हणजे ६० किलो ताजी ढिंगरी, किलोला साधारण ७० रुपये खर्च. ताजी १२० ने गेली तर किलोमागे ५० रुपये सुटतात, धंदा चालतो. पण तीच वाळवली तर ६० किलोची ६ किलो होते. किलोला ७०० रुपये लागवडीचे, वर वाळवणीचे ५० धरा. साडेसातशेला पडलेला माल व्यापारी पाचशेने मागतो, तेव्हा प्रत्येक किलोमागे अडीचशे रुपये खिशातून जातात. तासगावात साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. इथे दहाचं एक होतं. हा फरक डोक्यात ठेवला नाही म्हणून बहुतेक शेडं बुडाली.

कागदावर तीन वेगळे रकाने करा: पीकच कमी आलं (हिरवी बुरशी, माशी, उन्हाळा), पीक आलं पण ताजं खपलं नाही, आणि खपलं पण पैसे आले नाहीत. पहिल्या रकान्यात सगळ्यात मोठा आकडा असेल तर चटणीकडे वळण्याआधी लागवड सुधारा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधन प्रकल्प आहे, तिथे स्पॉन आणि सल्ला दोन्ही मिळतात. दुसरा आणि तिसरा रकाना मोठा असेल तर पुढे वाचा.

जुनं कर्ज या हिशेबात मिसळू नका. त्याचा हप्ता वेगळ्या वहीत. तो प्रत्येक पाकिटावर चढवलात तर पाकीट इतकं महाग होईल की खपणारच नाही. तो अजिबातच धरला नाहीत तर घरखर्च अडेल. म्हणून चटणीतून महिन्याला सुटणाऱ्या पैशातून हप्ता जायला किती पाकिटं लागतील एवढंच काढा आणि बँकेत जाऊन हप्ते लांबवून मिळतात का ते विचारा.

काय ठेवायचं, काय विकायचं

ठेवा: लोखंडी रॅक, तापमान आणि आर्द्रता दाखवणारं यंत्र, वजनकाटा, पिशवी बंद करायचं सीलर, पाणी तापवायचा ड्रम. विका: जादाचे फॉगर, मोठे कूलर, दुसऱ्या शेडची हिरवी जाळी. उरलेलं जुनं स्पॉन कितीही जपून ठेवलेलं असलं तरी वापरू नका. महिन्याहून जुन्या स्पॉनची वाढ मंदावते आणि तेवढ्या वेळात हिरवी बुरशी पिशवी धरते.

नवीन लागेल ते एवढंच: एक ड्रायर, एक चांगला मिक्सर किंवा छोटी पल्व्हरायझर चक्की, १ ग्रॅमपर्यंत अचूक काटा, दोन चाळण्या, झाकणाला रिंग असलेले प्लास्टिकचे ड्रम. ड्रायरसुद्धा पहिल्या चाळीस पाकिटांपर्यंत विकत घेऊ नका. जवळचा बचत गट किंवा कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडे अनेकदा असतो, भाड्याने घ्या.

वाळवणं आणि दळणं लागवडीच्या शेडमध्ये होणार नाही. ढिंगरीतून पांढऱ्या बीजाणूंचा धुरळा सतत उडत असतो, माश्या असतात, हवा दमट असते. किमान दहा बाय बारा फुटांची वेगळी खोली हवी: गुळगुळीत फरशी, खिडक्यांना बारीक जाळी, आत चपला नाहीत. बीजाणूंचा आणखी एक त्रास असतो. मास्क न लावता रोज तोडणी करणाऱ्यांना काही आठवड्यांत खोकला, ताप, दम लागणं सुरू होतं आणि त्यावर सर्दीची औषधं घेतली जातात. मास्क तोडणीच्या वेळी लागतोच, आणि टोप्या पूर्ण उलगडण्याआधी तोडलं तर धुरळाही कमी.

लागवड: बेताची आणि हंगामातच

चटणीला किती ढिंगरी लागते ते आधी ठरवा, मग पिशव्या भरा. चार किलो ओल्या भुश्याच्या पिशवीतून साधारण ९०० ग्रॅम ताजा माल धरा. तीनशे पिशव्यांतून २७० किलो ताजा, म्हणजे २७ किलो वाळलेला. तो चटणीत २० टक्के टाकला की १३५ किलो चटणी, शंभर ग्रॅमची १,३५० पाकिटं. रोज ३० पाकिटं खपली तर एक फेरी दीड महिना पुरते. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत अशा दोन फेऱ्या घेतल्या की तीन महिन्यांची सोय झाली. यापेक्षा जास्त पिशव्या पहिल्या वर्षी भरू नका.

मार्च ते जून विदर्भ-मराठवाड्यात शेड थंड ठेवायला जे पाणी आणि वीज जाते त्यात नफा वाहून जातो. ढिंगरीच्या नेहमीच्या जातींना २० ते २८ अंश आणि ८० ते ९० टक्के आर्द्रता लागते. 'बारमाही उत्पादन' हे शब्द ज्या माहितीपत्रकात असतील ते बाजूला ठेवा.

भुसा रसायनात न भिजवता गरम पाण्यातून काढा. गव्हाचा किंवा सोयाबीनचा भुसा रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, निथळा, मग ८० अंशांच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा. पोतं वर तरंगतं, म्हणून त्यावर दगड हवा. वर राहिलेला भागच पुढे हिरवा पडतो. काढून उतारावर निथळायला ठेवा. मूठभर भुसा घट्ट पिळल्यावर बोटांच्या फटीत एखादा थेंब दिसावा, धार लागू नये. धार लागली तर पिशवीच्या तळाशी पाणी साचून आंबट वास येतो. पंधरा ते वीस दिवसांत पिशवी पांढरी होते, त्यानंतर आठवडाभरात पहिली तोडणी.

तोडणीच्या दिवशी सकाळी पाणी मारायचं नाही. मारलेलं पाणी अळिंबी पिऊन घेते, आणि ते ड्रायरमध्ये तुमच्याच विजेवर बाहेर काढावं लागतं.

वाळवणी, जिथे बहुतेकांचा माल बिघडतो

सगळ्यात पहिला नियम: कोणता माल वाळवायचा हे सकाळी ठरवा, संध्याकाळी नाही. बाजारात नेलेला, दिवसभर पिशवीत घामेजलेला आणि न खपून परत आलेला माल वाळवला की तो तपकिरी होतो आणि चटणीला कडवट, शिळा वास देतो. तोडणी झाल्या झाल्या दोन टोपल्या करा. पक्की मागणी असेल तेवढी ताजी पहिल्या टोपलीत, कारण तिचा पैसा त्याच दिवशी हातात येतो. बाकी सगळी थेट ड्रायरला.

बुडखा कापून टाका, त्याला भुसा चिकटलेला असतो. धुऊ नका. मोठी टोपी देठासकट उभी फाडा, बोटाएवढ्या पट्ट्या करा. सुरी नको, हाताने फाडा. टोपी तंतूंच्या रेषेत सहज फाटते. ट्रेवर एकच थर, चौरस मीटरला ३ किलोपर्यंत.

तापमान सुरुवातीला ४० ते ४५ अंश, दोन-तीन तास, आणि हवा बाहेर जाण्याची झडप पूर्ण उघडी. मग ५० ते ५५. शेवटचा तास ६०. एकूण आठ ते दहा तास. घाई करून पहिल्याच तासाला ७० लावलं की पट्टीची बाहेरची साल कडक होते आणि आतलं पाणी अडकतं. अशी पट्टी हाताला कुरकुरीत लागते, डब्यात भरल्यावर दोन दिवसांनी मऊ पडते आणि पंधरवड्यात बुरशी येते. नवशिक्यांची जवळजवळ सगळी बुरशी इथून येते.

वाळलं की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. एका ट्रेवर बरोबर १,००० ग्रॅम ताजी ढिंगरी ठेवा आणि तीच तपासत राहा. ती ११० ग्रॅमच्या आसपास आली की थांबायची वेळ झाली. पावसाळी दमट मालात हा आकडा थोडा खाली, कोरड्या हवेतल्या मालात थोडा वर जातो. खात्रीसाठी आणखी एक तास चालवा आणि पुन्हा वजन करा. दोन्ही वजनं सारखी आली तर झालं. त्यानंतर थंड करून काचेच्या बरणीत मूठभर पट्ट्या भरा, झाकण लावून रात्रभर उबदार जागी ठेवा. सकाळी काचेला आतून धुकं दिसलं तर सगळी बॅच पुन्हा ड्रायरमध्ये.

उन्हात वाळवणं पूर्ण टाळायला हवं असं नाही. डिसेंबर-जानेवारीत सोलापूर, लातूर भागात दोन-तीन दिवसांच्या उन्हात, वर मलमल झाकून माल चांगला वाळतो. पण संध्याकाळी आत घेऊन हवाबंद ठेवला नाही तर रात्रीचं दव दिवसाची कमाई परत घेतं. कोकणात हा मार्गच धरू नका.

पूर्ण थंड झालेल्या पट्ट्या जाड पॉलिथिनच्या पिशवीत, पिशवी रिंगच्या ड्रममध्ये, ड्रम फळीवर. पूड करून साठवू नका. पूड पट्टीपेक्षा कितीतरी झपाट्याने ओलावा ओढते आणि गोळे धरते. मागणी येईल तशी दळा.

चटणी

एक किलोचं प्रमाण, सुरुवात करण्यासाठी: वाळलेली ढिंगरी २०० ग्रॅम, तीळ ३००, डाळं २५०, लाल तिखट ८०, वाळवलेला लसूण ६०, मीठ ५०, जिरं ३०, आमचूर २०, पिठीसाखर १०. चव तुमच्या भागाप्रमाणे फिरवा. सोलापूरकडे तिखट वाढेल, कोल्हापूरकडे लसूण. पण ढिंगरी २५ टक्क्यांच्या वर नेऊ नका. त्यापुढे चटणी जिभेला भुश्यासारखी लागते आणि खर्चही झेपत नाही.

शेंगदाणा आणि सुकं खोबरं मुद्दाम ठेवलेलं नाही. दोन्ही चवीला उत्तम, घरी आठ दिवसांत संपवायच्या चटणीत जरूर घाला. पण दुकानाच्या फळीवर दोन महिने राहणाऱ्या पाकिटात ते खवट होतात. जवस तर त्याहून लवकर. तिळाचं तेल टिकाऊ असतं, आणि डाळ्यात तेल कमी असतं. त्याच कारणाने चटणीत तेल घालू नका. खाणारा ताटात घेतो.

ओला लसूण कधीही नाही. पाकळ्या काप करून ५५ अंशांवर कुरकुरीत होईपर्यंत वाळवा. शंभर ग्रॅम ओल्या लसणातलं पाणी एका किलो चटणीला बुरशी आणायला पुरतं.

आता कढईकडे. ढिंगरीच्या पट्ट्या हाताने मोडून अगदी मंद आचेवर चार-पाच मिनिटं परता. आधी गवतासारखा कच्चा वास येतो. तो जाऊन भाजलेल्या पापडासारखा खमंग वास सुटला की त्याच क्षणी खाली उतरवा. अर्धं मिनिट जास्त झालं तर कडू होते आणि तो कडूपणा तिखटाने जात नाही. कढईत उष्णता राहते, म्हणून लगेच परातीत ओता. तीळ तडतडायला लागेपर्यंत, जिरं रंग बदलेपर्यंत, डाळं नुसतं गरम करून. प्रत्येक गोष्ट वेगळी भाजायची, एकत्र नाही.

सगळं पूर्ण थंड झाल्यावर दळायचं, त्यातही क्रम आहे. आधी ढिंगरी, डाळं आणि लसूण एकत्र रवाळ दळा. रव्याएवढी भरड ठेवा. मैद्यासारखी बारीक केली की तोंडात चिकटते. मग तिखट, मीठ, जिरं, आमचूर, साखर घालून एक फेरा. तीळ सगळ्यात शेवटी, मिक्सर थांबवत-थांबवत दोन-तीन झटके. तीळ सलग फिरवले तर तेल सोडतात आणि चटणीचे गोळे होतात. मिक्सरचं भांडं गरम झालं की थांबा.

दळलेली चटणी परातीत पसरून तासभर थंड होऊ द्या, मग चाळून भरा. गरम चटणी भरली की पाकिटाच्या आतल्या बाजूला वाफेचं पाणी जमतं. ते दिसत नाही, कारण पाकीट चंदेरी असतं. महिन्याभराने गिऱ्हाईक दाखवतं.

पाकीट आणि हिशेब

साधी पारदर्शक पॉलिथिनची पिशवी चालणार नाही, ती हवा आणि ओलावा दोन्ही आत घेते. ॲल्युमिनियमचा थर असलेलं किंवा मेटलाइज्ड पॉलिएस्टरचं पाऊच घ्या. तयार पाऊचवर लेबल चिकटवा. स्वतःच्या नावाच्या छापील पाऊचची ऑर्डर हजारांत द्यावी लागते, आणि पहिल्या सहा महिन्यांत प्रमाण, किंमत किंवा पत्ता यांपैकी काहीतरी बदलतंच. सील तपासायला दर पन्नासातलं एक पाकीट पाण्यात बुडवून दाबा. बुडबुडा आला तर मागची सगळी तपासा. चटणीची पूड सीलच्या जागेवर सांडते आणि तिथे पाकीट नीट चिकटत नाही. नरसाळं वापरा आणि कड कोरड्या फडक्याने पुसा.

वरच्या प्रमाणाचा कच्चा माल नमुन्याच्या दरांनी ३०५ रुपये होतो (ढिंगरीचे १५०, तिळाचे ६०, डाळ्याचे ३०, तिखट आणि लसूण प्रत्येकी २४, बाकी किरकोळ). पाच टक्के घट धरली की ३२०. शंभर ग्रॅमला ३२, पाऊच-लेबल ७, मजुरी ६, वीज १. पाकीट ४६ रुपयांना पडलं. छापील किंमत ९० ठेवली आणि दुकानदाराने २५ टक्के घेतले तर तुमच्या हातात ६७ रुपये ५० पैसे. पाकिटामागे साडेएकवीस. त्यातून प्रवास, चाखायला दिलेली चटणी, परत आलेली पाकिटं आणि तपासणीचा खर्च निघायला हवा, म्हणून ९० च्या खाली येऊ नका.

एका किलो वाळलेल्या ढिंगरीतून अशी ५० पाकिटं होतात, म्हणजे पाकीट तयार करण्याचा खर्च जाऊन हजाराच्या वर. तोच किलो व्यापाऱ्याला दिला असता तर अडीचशेचा तोटा होता. मात्र पन्नास पाकिटं पन्नास जणांना विकावी लागतात, तो कष्ट या हजारात धरलेला नाही.

आधी वीस पाकिटं, मग बाकी सगळं

पहिली बॅच दोन किलोची. ओळखीच्या नसलेल्या चाळीस घरांत पन्नास-पन्नास ग्रॅम द्या. 'आवडली का' असं विचारू नका. तोंडावर कोणी नाही म्हणत नाही. आठ दिवसांनी जा आणि नव्वद रुपयांचं पाकीट पुढे करा. चाळीसपैकी दहा-बारा घरांनी पैसे मोजून घेतलं तर पुढे जा. चार-पाचच निघाली तर चव बदलून पुन्हा करा. तीन वेळा बदलूनही तेच झालं तर तुमच्या भागात ही चटणी चालणार नाही असं धरा आणि ढिंगरीचे पापड किंवा सूपची पूड यांची अशीच चाचणी घ्या. या टप्प्यापर्यंतचा खर्च दोन-तीन हजारांत बसतो.

नावाचा प्रश्न इथेच सुटतो. खेड्यात 'अळिंबी' म्हटलं की अनेकांना उकिरड्यावरची कुत्र्याची छत्री आठवते, काही घरांत ती विषारी समजतात, काहींत मांसाहारासारखी, आणि श्रावणात-चातुर्मासात वर्ज्य. घटकांच्या यादीत ती लिहिलीच पाहिजे, लपवायचं नाही. पण पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'तीळ-लसूण चटणी, ढिंगरीची' असं असलं तर माणूस ओळखीच्या चवीपासून सुरुवात करतो. चाखायला देताना भाकरीचा तुकडा आणि थेंबभर तेल सोबत ठेवा. नुसती कोरडी चटणी चमच्यावर दिली तर खोकलाच येतो.

कागदपत्रं, पण योग्य वेळी

चाळीस घरांची चाचणी सुरू करण्याआधीच अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी करा. विक्रीसाठी पाकीट बाहेर जाण्याआधी ती हातात हवी. छोट्या उद्योगाला परवान्याऐवजी मूळ नोंदणी पुरते, अर्ज प्राधिकरणाच्या फॉस्कॉस (FoSCoS) संकेतस्थळावर होतो आणि त्याला दलाल लागत नाही.

लेबलवर नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, पोषणमूल्यं, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं ते, उत्पादकाचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी क्रमांक, नोंदणी क्रमांक आणि हिरवा शाकाहारी ठिपका. 'मधुमेहावर गुणकारी', 'प्रतिकारशक्ती वाढवते' असलं काही लिहू नका. ढिंगरीबद्दल असे दावे सर्रास केले जातात, आणि त्याच दाव्यांनी नोटीस येते.

टिकण्याची मुदत अंदाजाने छापू नका. एकाच बॅचची बारा पाकिटं घरातल्या साध्या फळीवर ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी एक फोडा: वास, गोळे, रंग, चव. नववं पाकीट खवट निघालं तर मुदत त्याच्या निम्मी, म्हणजे दोन महिनेच लिहा. सोबत एक नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या: ओलावा, एकूण जिवाणू, बुरशी आणि यीस्ट, ई-कोलाय, साल्मोनेला. मिरचीसाठी अफ्लाटॉक्सिनही तपासून घ्या. चटणीतली बुरशीची विषं ढिंगरीपेक्षा स्वस्त मिरचीतून येण्याचा संभव जास्त. तिखट विकत घेण्यापेक्षा अख्खी मिरची निवडून घरी कुटलेली बरी.

यंत्रांसाठी पैसे लागणार असतील तर २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान ठरलेलं होतं. सध्या अर्ज घेतात का ते जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारा. पण अनुदान मिळतंय म्हणून मोठा ड्रायर घेऊ नका. आधीचं शेडही बहुधा असंच मोठं झालं होतं.

कुठे विकायची

मॉल आणि मोठी दुकानं पहिल्या वर्षी नकोत. ती उधारीवर घेतात आणि न खपलेला माल तीन महिन्यांनी परत करतात. खाणावळी, झुणका-भाकर केंद्रं, विद्यार्थ्यांचे मेस यांना अर्धा किलोचं पाकीट द्या. तिथे ताटात रोज दिसलेली चटणी लोक स्वतःहून विचारतात. त्यानंतर आठवडी बाजार, पिठाच्या गिरण्या (ज्वारी दळायला आलेला माणूस दहा मिनिटं तिथे उभाच असतो), आणि मुंबईचं महालक्ष्मी सरस किंवा पुण्याची भीमथडी जत्रा यांसारखी प्रदर्शनं. प्रदर्शनात चार दिवसांत खपलेल्या पाकिटांवरून वर्षाचा अंदाज बांधू नका. तिथे लिहून घेतलेल्या फोन क्रमांकांपैकी महिन्याने कितीजण पुन्हा मागवतात तेवढंच मोजा.

दुकानदाराला पहिली दहा पाकिटं रोखीनेच द्या. नाही म्हणाला तर पाच द्या, पण रोखीने. परतावा बंद ठेवण्याऐवजी मुदतीच्या पंधरा दिवस आधी तुम्हीच जाऊन उरलेली पाकिटं बदलून द्या. आलेली पाकिटं पुन्हा दळणात मिसळायची नाहीत, ती खतात जातात.

पावसाळा जवळ आला की काम थोडं बदला. जूनच्या पहिल्या आठवड्याआधी सगळ्या पट्ट्या एकदा ५५ अंशांवर दोन तास फिरवून पुन्हा ड्रममध्ये बंद करा. जुलै-ऑगस्टमध्ये दळण आणि भरणी एकाच दिवशी, दारं-खिडक्या लावून, आणि एका वेळी दोन किलोच्या वर नाही. मिक्सरचं भांडं धुतल्यावर पुसून ड्रायरमध्ये दहा मिनिटं ठेवा, त्याच्या पात्याखाली राहिलेला एक थेंबही सकाळच्या बॅचला पुरतो.

तीन बहर (तोडणीच्या फेऱ्या) झालेल्या पिशव्यांतला भुसा पावसाळ्याआधी गांडूळखताच्या वाफ्यावर टाकावा. त्याला आधी पंधरा दिवस सावलीत कुजू द्या, प्लास्टिक आणि रबर पूर्ण काढा, आणि वाफा शेडपासून जितका दूर करता येईल तितका करा. पुढच्या ऑक्टोबरला माशी तिथूनच येते.